पाठीमागून मारलेल्या हाका

नवजात बाळाचा कान तपासायचा तर बाळ झोपलेलं लागतं आणि त्याचं पोट भरलेलं लागतं. हे मला पुस्तकानं नाही, बाळंतिणींनी शिकवलं. अमरावतीतल्या एका प्रसूतिगृहात मी गेली काही वर्षं हे काम करते. चादरी आणि गाद्या ठेवायची एक लहान खोली मला दिलेली आहे. पंखा बंद करायचा, दार ओढून घ्यायचं, आईला स्टुलावर बसवायचं आणि बाळाच्या कानात बोराच्या बीएवढं मऊ रबरी टोक बसवायचं. मशीन कानात बारीक टिकटिक सोडते. आतला कान धड असेल तर तो स्वतःचा अगदी हलका आवाज परत देतो, मशीन तो टिपते आणि पडद्यावर 'पास' येतं. आवाज परत आला नाही तर 'रेफर'.

हा 'रेफर' शब्द आमच्याकडे फार वाईट. वऱ्हाडात दवाखान्यातून कुणी सांगितलं की पेशंट रेफर केला, तर घरचे एवढंच समजतात की इथल्या डॉक्टरांनी हात टेकले, आता ॲम्ब्युलन्स आणि नागपूर. माझ्या पहिल्याच महिन्यात मी एका बाळंतिणीला सरळ सांगितलं, "रेफर आलंय." ती टाके ओले असताना खाटेवरून उठली आणि बाळ छातीशी धरून दाराकडे निघाली. सासूनं वॉर्डात आकांत मांडला. त्या दिवशी आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं.

"हा शब्द परत तोंडातून काढायचा नाही. कानात जन्माचं पाणी आहे म्हणायचं, महिन्यानं पुन्हा बोलवायचं. बहुतेकांचं तेच असतं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. जन्मताना कानात राहिलेल्या ओलाव्यामुळे पहिली तपासणी पुष्कळदा फसते, आणि महिन्यानं तेच बाळ पास होतं. फक्त त्या वाक्याला एक दुसरा अर्धा भाग होता. पाणी असेल, किंवा बाळाला ऐकू येत नसेल. तो दुसरा अर्धा भाग मी सांगायचं सोडून दिलं. सोपं झालं. आया हसून जायच्या, मीही हसायची.

ती मुलगी झाली तेव्हा लोकांच्या तोंडावरचे मास्क नुकतेच निघाले होते. तिची आई दर्यापूरची, बावीस-तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा दर्यापूर ते मूर्तिजापूर सवारी जीप चालवायचा. तिच्यासोबत तिचे वडील खोलीत आले होते, ते लेकीकडेच राहायचे. उंच, पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी. आयुष्यभर दर्यापूरच्या बाजारात त्यांनी गाद्या भरण्याचं काम केलेलं. माझ्या खोलीत शिरताच त्यांनी भिंतीला लावलेल्या गादीवर हात दाबून पाहिला आणि मान हलवली. कापूस चांगला नाही, असं त्यांचं मत पडलं असावं.

मी बाळाच्या कानाजवळ मशीन आणली तसा त्यांनी हात वर केला.

"बेटी, एक मिनट. अजान अभी हुई नहीं."

मुलगी आदल्या दिवशी पहाटे झाली होती. घरातल्या थोरल्यानंच कानात अजान द्यायची म्हणून सगळे त्यांची वाट पाहत थांबले होते; ते परगावी गेलेले, आणि त्यांची गाडी उशिरा पोहोचली होती. वॉर्डात बायकाच बायका, म्हणून त्यांना माझी ही रिकामी खोली बरी वाटली. मी बाजूला झाले. ते वाकले. बाळाच्या उजव्या कानाशी त्यांनी इतक्या हळू आवाजात अजान म्हटली, की मला फक्त ओठ हलताना दिसले. मग डाव्या कानाशी. झाल्यावर त्यांनी तिच्या कपाळावर बोट टेकवलं आणि मला म्हणाले, "हो गया. अब तुम देखो."

मी पाहिलं. उजवा कान रेफर. डावा कान रेफर. टोक बदलून पुन्हा लावलं, बाळाला कुशीवर वळवून लावलं. तेच.

आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. "काय झालं मॅडम?"

"काही नाही. काळजी करू नका," मी म्हटलं. "कानात जन्माचं पाणी आहे. महिन्यानं घेऊन या, तेव्हा पुन्हा बघू."

"पानी हाय अब्बा," ती वडिलांकडे वळून म्हणाली, आणि दोघं समाधानानं गेले.

महिना झाला, दीड महिना झाला. ते आले नाहीत. मी रजिस्टरमधल्या नंबरावर फोन लावला. तो नवऱ्याचा होता. मागे जीपचं इंजिन, कुणीतरी 'चला मूर्तिजापूर' ओरडतंय. "हाव, येतो ना मॅडम," तो म्हणाला. त्यानंतर आले नाहीत. मग मीही विसरले. दररोज नवी बाळं येत होती.

वर्षभरानं रजिस्टर पूर्ण करायचं होतं. ज्यांची दुसरी तपासणी झाली नाही त्यांच्या नावापुढे काहीतरी शेरा लिहायचा होता. मी पुन्हा त्याच नंबरावर फोन केला.

"मॅडम, एकदम ठीक हाय पोट्टी," तो हसत म्हणाला. "ऐकते म्हंजे काय! माही जीप गल्लीत शिरली का रांगत रांगत दारात हाजर. बाकी कोनाच्या गाडीले येत नाई, फक्त माह्या."

बापाच्या आवाजात इतका आनंद होता की मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. विचारायला हवं होतं. पाठीमागून टाळी वाजवली तर वळते का? काही शब्द बोलते का? हे दोन प्रश्न मला झोपेतही पाठ आहेत. पण जेवणाची सुट्टी होत आली होती आणि यादीत अजून बरीच नावं होती. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पालकांच्या सांगण्यानुसार ऐकते', आणि नावापुढे बरोबरची खूण केली.

दर्यापूरची ती आई पुन्हा आली तेव्हा मुलगी सव्वादोन वर्षांची झाली होती. बकरीद होऊन पंधरा दिवस झाले होते. मी एका बाळाची तपासणी संपवून दार उघडलं, तर समोर बाकावर ती बसलेली. आधी मला ओळखू आली नाही. मांडीवरची मुलगी मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होती. इतकं रोखून पाहणारी मुलं मी नंतर पुष्कळ पाहिली, तेव्हा मला त्याचा अर्थ पुरता कळत नव्हता. काजळ घातलेले मोठे डोळे, हातात प्लास्टिकच्या लाल बांगड्या.

"ओळखलं का मॅडम? अब्बायनं तुमच्या खोलीत अजान देल्ली होती."

मग ओळखलं.

मी त्यांना आत घेतलं. मी मुलीला तपासायच्या आधी आईनंच सांगायला सुरुवात केली. सरळ, एकदाही न अडखळता, जणू वाटेत पुष्कळ वेळा मनात म्हणून झालं असावं.

त्यांच्या अंगणात एक बकरा होता. पिल्लू असताना आणलेला, ईदसाठी वाढवलेला. जीपवाला रोज संध्याकाळी येताना त्याच्यासाठी शेवरीचा पाला आणायचा. गल्लीच्या तोंडाशी त्याच्या जीपचा आवाज आला की बकरा उठून उभा राहायचा आणि दोरी ताणून दाराकडे ओढ घ्यायचा. मुलगी अंगणातच खेळत असायची. बकरा उठला की ती दाराकडे धावायची. दार उघडलं की बाप उभा. घरातल्या सगळ्यांना वाटायचं, ती जीप ओळखते.

"बकरीद झाली," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी हे आले. जीप दारापाशी उभी केली, हॉर्न वाजवला. पोट्टी अंगनात बसून होती, माती खेळून राह्यली होती. उठली नाई. आमाले वाटलं बकरा गेला म्हनून रुसली. दुसऱ्या दिवशीबी तसंच. तिसऱ्या दिवशीबी. चौथ्या दिवशी मी तिच्या मांगं जाऊन उभी राह्यली. हातात पितळी परात होती. जोरात खाली टाकली. शेजारच्या घरातून बाया पयत आल्या, मॅडम. हे नाई वळली."

मुलगी माझ्या टेबलावरचा स्टेपलर उघडझाप करत होती. मी तिच्या पाठीमागे गेले आणि टाळी वाजवली. मग घंटी. मग ड्रम. ती स्टेपलर उघडझाप करत राहिली. घंटीवरून उजेडाचा कवडसा भिंतीवर पडला तेव्हा मात्र तिनं चटकन वर पाहिलं.

"तुम्ही महिन्यानं आला का नाहीत?" मी विचारलं. विचारताना माझ्या आवाजात थोडी जरब होती, हे मला आज आठवतं आणि लाज वाटते. मला तेव्हा चूक दुसऱ्या कुणाची तरी निघायला हवी होती.

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मले ताप आला होता बाळंतपनात. मंग बरी झाली तं म्हनलं, जाऊ. मंग म्हनलं, पानीच तं होतं, सुकलं असन. तुमीच म्हनलं ना, काळजी करू नका. मी नाई केली."

पुढचं नेमकं कळण्यासाठी मुलीला औषधानं झोपवून डोक्याला तारा लावून करायची एक तपासणी असते, बेरा म्हणतात तिला. आमच्याकडे ती सोय नव्हती. अकोल्यात माझी एक वर्गमैत्रीण स्वतःचं केंद्र चालवते. मी तिच्याकडे वेळ घेतली आणि त्या दिवशी रजा टाकून बडनेऱ्याहून रेल्वेनं अकोल्याला गेले. माझं जाणं आवश्यक नव्हतं. मैत्रीण फोनवर म्हणालीही, "तू कशाला येतेस?"

ते तिघं जीपनं आले होते. मुलीची आई, तिचा नवरा आणि तिचे वडील. मुलीला आदल्या दिवशी उशिरापर्यंत जागवून ठेवायला सांगितलं होतं, त्यामुळे ती किरकिर करत होती. गोड औषध पाजल्यावर नानाच्या, म्हणजे आजोबांच्या, खांद्यावर ती झोपली. त्यांनीच तिला आत आणून खाटेवर निजवलं. कपाळाला आणि दोन्ही कानांमागे चिकटपट्टीनं तारा लावल्या. मैत्रिणीनं आवाज सोडायला सुरुवात केली. ऐकू येणाऱ्या मुलाच्या पडद्यावरच्या रेघेत लहान लहान लाटा उठतात. इथे रेघ सरळ होती. तिनं आवाज वाढवला. मशीनवर होतो तेवढा मोठा केला. शेजारी बसलेल्या मला इयरफोनच्या बाहेरूनही तो ऐकू येत होता. रेघ सरळ राहिली. मुलीची झोप चाळवलीसुद्धा नाही.

त्यानंतर डोक्याचा फोटो काढला, आणि दहा दिवसांनी कानाच्या डॉक्टरांनी तो पाहायला पुन्हा बोलावलं. मी पुन्हा गेले. डॉक्टर वयस्कर होते, घाईत नव्हते. त्यांनी काचेवर फोटो लावून पेनानं दाखवलं. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, तो तिचा नीट घडलाच नव्हता. आणि तिथून मेंदूकडे आवाज नेणारी नस दोन्ही बाजूंना नव्हती.

"ऑपरेशन करून कानात मशीन बसवतात ना साहेब?" नवऱ्यानं विचारलं. त्यानं मोबाईलवर कुठेतरी पाहिलं होतं.

"मशीन आवाज नसेच्या तोंडापर्यंत पोचवते. पुढे नस लागते. नसच नाही तर मशीन काय करणार?" डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, बहुधा मला बरं वाटावं म्हणून, "जन्मली त्या दिवशी आणली असती तरी मी हेच सांगितलं असतं."

त्या वाक्यानं मला हलकं वाटलं. ते लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटलं खरं. दहा दिवस मी धड जेवले नव्हते. आता कुणीतरी मला सोडून दिलं होतं. मी मोठा श्वास घेतला असणार, कारण बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमाले बरं वाटलं ना, ताई?"

तिनं मला पहिल्यांदा ताई म्हटलं ते असं.



"मले नाई वाटलं," ती म्हणाली. "नस नाई तं नाई. ते वरच्याच्या हातचं हाय. पन मले मालूम असतं तं मी तिच्या तोंडासमोर जाऊन बसली असती ना. हातानं सांगतली असती. बहिऱ्या पोरायच्या शाळेत शिकवतात तसं कायतरी शिकली असती. मी सव्वादोन वर्स तिले पाठीमागून हाका मारून राह्यली. सैपाक करता करता हाका मारू. वळली नाई का चिडू. मले वाटे, हट्टी हाय. दोन-तीनदा हात उचलला मी तिच्यावर. तिले कायले मार पडला हे समजलंबी नसन."

नवरा खाली जीपपाशी गेला होता. तिचे वडील बाकावर बसून होते, झोपलेली नात मांडीवर. मी तिथेच, भिंतीला टेकून, तिला रजिस्टरचं सांगितलं. वर्षभरानं केलेला फोन, तिच्या नवऱ्याचं बोलणं, मी न विचारलेले दोन प्रश्न, मी केलेली खूण. तिला हे माहीत नव्हतं. नवऱ्यानं फोनचं घरी कधी सांगितलंच नव्हतं, कारण त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

ती ऐकत राहिली. मला वाटलं होतं ती रागावेल, आणि ती रागावली असती तर मला सोसणं सोपं गेलं असतं. तिनं फक्त ओढणी डोक्यावर सारखी केली आणि वडिलांकडून मुलीला उचलून घेतलं.

तिच्या वडिलांनी मला जवळ बोलावलं. बाकावर बसायला जागा केली.

"मैं समझता था उसके कान में पहली आवाज मेरी गई," ते म्हणाले. "उसने तो सुनी ही नहीं."

मी म्हटलं, "चाचा, पोचली असेल ती जिथे पोचायची तिथे."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की मी बोलले म्हणून मन राखायला हलवली, मला कळलं नाही. त्याच वर्षी थंडीच्या सुरुवातीला ते गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मला हे पुष्कळ उशिरा कळलं.

अकोल्यात कर्णबधिर मुलांची एक शाळा आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तिनं मुलीचं नाव तिथे घातलं आणि शाळेपासून चालत जाता येईल अशी एक खोली पाहून स्वतः अकोल्याला राहायला गेली. नवऱ्याला ते पसंत नव्हतं. "दर्यापूरले काय शाळा नाई का? एवढ्याशा पोरीसाठी घर कावून मोडते?" असं तो म्हणाल्याचं तिनंच मला फोनवर सांगितलं. तिनं त्याच्याशी भांडण केलं नाही. शिवणाचं मशीन जीपवर चढवायला लावलं, मुलीला पुढच्या सीटवर बसवलं आणि त्यालाच सोडायला लावलं. तो आता रविवारी येतो.

या सगळ्यात माझं काम चालूच होतं. मी बोलण्याची पद्धत बदलली. मशीननं आवाज पकडला नाही की आता मी आईला दोन्ही अर्धे सांगते. पाणी असू शकतं, पण बाळाला ऐकू येत नसण्याचीही शक्यता आहे, म्हणून महिन्यानं यायचंच. पहिल्या आठवड्यातच एका आजीनं माझ्या तोंडावर दार आपटलं. एक बाळंतीण रात्रभर रडली आणि सकाळी तिचं दूध आटलं म्हणून तिच्या आईनं मला बोल लावले. डॉक्टरीणबाई पुन्हा चिडल्या. मी त्यांना दर्यापूरच्या मुलीचं सगळं सांगितलं. "ठीक आहे, सांग," एवढंच त्या म्हणाल्या. तरीही काही लोक परत येत नाहीत. काहींचे फोन लागत नाहीत. त्या नावांपुढे मी आता काही लिहीत नाही, रकाना मोकळा ठेवते, आणि तो मोकळा रकाना दिसला की मला स्वस्थ बसवत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी मला अकोल्याला जावं लागलं. मी तिला फोन केला. "या, जेवाले या," ती म्हणाली.

खोली एका अरुंद बोळात, पहिल्या मजल्यावर. दारात मुलगी उभी होती. आता जवळजवळ चार वर्षांची, दोन वेण्या. तिनं माझ्याकडे बोट करून आईला हातानं काहीतरी विचारलं. आईनं कानाजवळ दोन बोटं नेली आणि मग माझ्या दिशेला वळवली. 'कानवाली,' असं बहुधा सांगितलं असावं. मुलगी समाधान झाल्यासारखी आत निघून गेली. आईचे हात सफाईनं चालत होते. शाळेत आयांना शनिवारी खुणांची भाषा शिकवतात, ती एकही शनिवार चुकवत नाही, असं तिनं सांगितलं.

ती पोळ्या लाटत होती, पण आता शेगडी तिनं दाराकडे तोंड येईल अशी मांडली होती. पोळी तव्यावर टाकून ती मुलीकडे पाही, काहीतरी खूण करी, मग पुन्हा पोळीकडे वळे.

"अब्बायचं तुमाले सांगतलं का मी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, गेल्याचं कळलं, पण तेवढंच.

"तवा तिले काईच सांगता येत नव्हतं मले," ती म्हणाली. "शाळा नव्हती, खुना नव्हत्या. घरात लोक आले, बाया रडून राह्यल्या, अब्बायले उचलून नेलं. पोट्टी हे सगळं पाहून राह्यली होती. मले ओढे, अब्बायच्या खाटेकडे बोट दाखवे. मी काय सांगू? कसं सांगू? मी तिले नुसती छातीशी धरली. मंग रोज सकाळी उठली का अब्बायच्या चपला सरळ करून खाटेपाशी ठेवे. ते नमाजाले जाताना चपला शोधत ना, हेच तिचं काम होतं. सहा महिने ठेवल्या तिनं. मंग आमी अकोल्याले आलो, चपला तठीच राह्यल्या."

तिनं पोळी उलटली.

"आता दिवाळीनंतर शाळेत मांजरीचं एक पिल्लू मेलं. बाईनं सगळ्या पोरायले त्याच्याजवळ बसवलं. हात लावाले लावला. आता हे उठत नाई, खात नाई, परत येत नाई, असं खुनंनं समजावून सांगतलं. मेल्याची खून शिकवली. घरी आली, दप्तर टाकलं, माह्यासमोर येऊन उभी राह्यली. अशी केली."

तिनं पिठाचा हात हनुवटीखालून खाली ओढला, लांब दाढी असल्यासारखा. ती तिच्या वडिलांची खूण होती, मुलीनं स्वतःच बनवलेली. मग तळहात उताणा, पालथा केला. ती मेल्याची खूण. मग भुवया वर नेल्या. तो प्रश्न.

"मी हाव म्हनलं."

तव्यावरची पोळी करपायला लागली होती, तिनं ती उतरवून बाजूला ठेवली.

"वर्ष झालं होतं ताई अब्बायले जाऊन. माहं रडनं तवरक संपलं होतं. तिचं सुरू झालं. आवाज नाई तिच्या रडन्याले तसा, घशातून एक वेगळाच निघते. जमिनीवर पडून रडली. जेवली नाई. मी तिले काय म्हनू? सगळे लोक रडून मोकळे झाले, चाळिसावा झाला, बरसी झाली. हे एकटीच राह्यली होती. माह्या लेकराले तिचा नाना मेला हे सांगाले मले एक वर्ष लागलं."

खोलीत मुलगी जमिनीवर बसून बाहुलीशी हातांनी काहीतरी बोलत होती.

मी तिची माफी मागितली. अकोल्याच्या व्हरांड्यात मी चूक सांगितली होती, पण माफी मागायचं धैर्य झालं नव्हतं. त्या दिवशी मागितली. शब्द नीट जुळले नाहीत. मी म्हटलं, मी तेव्हाच खरं सांगितलं असतं तर तुम्हाला दोन वर्षं मिळाली असती, तिला नानासोबतची दोन वर्षं बोलायला मिळाली असती.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ताटात पोळी वाढली, वांग्याची भाजी वाढली, ताट माझ्यापुढे सरकवलं.

"खाऊन घ्या," ती म्हणाली. "तुमची गाडी चुकन."

मी जेवले. ताटातलं सगळं संपवलं. मुलगी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि आईचे हात बघत राहिली. ते थांबले की ती मनगट धरून हलवायची, अजून बोल म्हणून. आई थकलेली दिसत होती. तरी ती पुन्हा हात उचलायची आणि सांगायची. काय सांगत होती ते मला समजलं नाही.